रिकामी बरणी

पाणी मागे हटलं आणि म्हशींना खरूज लागली. दलदलीचं पाणी उन्हाळ्यात हटतंच, त्यात नवल काही नाही. पण त्या साली हटलेलं पाणी परत आलंच नाही, आणि डबक्याडबक्यांनी जे उरलं ते इतकं खारट, की म्हशी तोंड लावून फुरफुरत मागे सरायच्या. दिवसभर गळ्यापर्यंत पाण्यात बसणारं ते जनावर. कोरड्यावर आलं की त्याची कातडी तडकते, तडकली की खाज सुटते, आणि खाज सुटली की ते बोरूच्या कुडाला अंग घासून कूड पाडतं. वनसाच्या गोठ्याचा कूड दोनदा पडला. मग तिचा मुलगा चासिब कुठूनसं एक तेलाचं पिंप घेऊन आला.

कुठूनसं म्हणायचं आपलं, गावाला सगळं ठाऊक होतं. कालव्याच्या काठावर लढाईत पडलेलं जुनं वीजघर होतं. तिथल्या हत्तीएवढ्या डीपी आडव्या पडलेल्या होत्या आणि त्यांच्या पोटात तेल होतं. आधी एकाने नेलं, मग सगळ्यांनी. तेल मात्र जालीम! दोन दिवस चोळलं की खपल्या गळून खालची कातडी मऊ व्हायची. म्हशी एकमेकींची पाठ चाटायच्या, रेडकं आयांची कास चाटायची. वनसा रोज सकाळी हाताला उरलेलं तेल आपल्या गुडघ्यांवर चोळायची. "ईज प्यालेलं तेल हाय ते," ती म्हणायची, "वात काय, वाताचा बाप पळंल."

पुढच्या थंडीत गावातल्या म्हशी गाभडायला लागल्या. एकीचं झालं, दुसरीचं झालं. तिसरीने दिवस भरून रेडकू दिलं, पण ते उभंच राहिलं नाही. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं खारं पाणी. त्या तेलाचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण ते औषध होतं.

वनसाच्या घरी मात्र पोर जगलं होतं. सून बदरियाचं पहिलं मूल डब्याच्या दुधावर गेलं होतं. तिला तेव्हा दूधच उतरलं नव्हतं. खाऱ्या पाण्यात कालवलेली पावडर, भर उन्हाळा आणि जुलाब. पोर मुठीएवढं होऊन गेलं. म्हणून दुसऱ्याचं नाव ठेवलं झबाला, म्हणजे केरकचरा. केराला कुणाची दृष्ट लागत नाही. आणि या वेळी वनसाने कुठलीच कसर ठेवली नाही. सून गरोदर आहे कळल्या दिवसापासून सगळ्यांत चांगल्या म्हशीची साय ती बाजूला काढत होती. त्या सायीचं तूप कढवून तिने मातीच्या घागरीत भरून ठेवलं, आणि बाळंत झाल्यावर बदरियाला रोज खजुराच्या पाकात वाटीभर तूप मिळू लागलं. सुनेला दूध असं फुटलं की कुडतं भिजायचं. झबालाच्या मांड्यांना वळ्या पडल्या. वनसा त्या वळ्यांत बोट घालून पुसायची आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानायची, मोठ्याने नाही.

अशात एका दुपारी पांढरी गाडी धूळ उडवत आली. बसऱ्याच्या एका प्रयोगशाळेतली डॉक्टरबाई उतरली. तिचं नाव इब्तिसाम. वयाने चासिबएवढी, डोक्याला करडा रुमाल, पायात चिखलाचे बूट. गाडीत बर्फाच्या पेट्या होत्या.

"चहा न्हाई घेतला तर पाऊल पुढं टाकू देनार न्हाई," वनसा म्हणाली.

"नको खाला, खरंच नको." मावशीला म्हणावं तसं बाई म्हणाली.

"नको तर नको." वनसाने पेला भरून हातात दिला. डॉक्टरबाईने तो घेतला, मग दुसराही घेतला. नको म्हणणं ही पाहुण्याची रीत आणि न ऐकणं ही घरच्याची.

मग बाईने काम सांगितलं. डबक्याचं पाणी हवं, गोठ्यातला चिखल हवा, म्हशींचं दूध हवं. वनसा मान डोलवत गेली. शेवटी बाई जरा अडखळली आणि म्हणाली, "आणि घरात अंगावर पाजणारी कुणी असेल, तर तिचंही थोडं."

वनसाची मान थांबली. "म्हशीचं न्या, चिखल न्या, समदं तळं न्या उचलून. पर मानसाचं दूध? ती काय बाजारात मांडायची चीज हाय व्हय?"

"खाला, काही विषं अशी असतात, की ती चरबीत मुरून बसतात. गवतातून म्हशीत, म्हशीतून माणसात. ती आईच्या दुधात उतरतात का, ते बघायला हवं."

"आन् उतरली असली तर?"

"आधी बघू तर."

आधी बघू म्हणणाऱ्या माणसाची वनसाला धास्तीच होती. नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यातला डॉक्टर हेच म्हणाला होता, आणि मग तिने नवऱ्याला चादरीत गुंडाळून घरी आणलं होतं.  नाही म्हणायला ती तोंड उघडणार, तोच पडद्याआडून बदरियाचा आवाज आला.

"मी देते."

"तू गप बस."

"अम्मा, मला कळाया पायजे. एक गेलं ते कशानं गेलं त्ये शेवटाला कळलं. ह्याचं आधीच कळू दे."



सकाळच्या पहिल्या धारेचं दूध हवं होतं, म्हणून बाईने बरण्या घरीच ठेवल्या. तपकिरी काचेच्या, बुटक्या, इतक्या स्वच्छ की वनसाला हात लावायला भीती वाटली. प्लास्टिक लावू नका, साबण लावू नका, हाताला तेल नको, बाईने दोनदोनदा बजावलं. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवली. एक बरणी मात्र वेगळी ठेवली.

"ही अशीच राहू द्या. ही रिकामीच परत न्यायचीय मला."

"रिकामी?"

"हो. काही घालू नका हं हिच्यात, खाला."

"बरं बरं," वनसा हसून म्हणाली.

सकाळी धारा झाल्या. चासिबने चिखल भरला. बदरिया कोपऱ्यात पाठमोरी बसली आणि नुसत्या पाण्याने धुतलेल्या हातांनी तिने स्वतःला पिळून बरणीत दूध काढलं. झबाला मांडीवर हात आपटत रडत होता. आपलं दूध दुसरीकडे जातंय हे त्याला कळलं असावं. बदरियाने डोळे मिटून घेतले होते. बरणी भरली तेव्हा तिने ती उजेडात धरून पाहिली. निळसर, पातळ, साधं दूध. त्यात काही दिसत नव्हतं.

वनसाने सगळ्या बरण्या पेटीत लावल्या आणि ती शेवटच्या, रिकाम्या बरणीपाशी येऊन थांबली. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने. मूठभर तांदूळ, चिमूटभर मीठ, काही नाही तर एक अंडं. पण रिकामं नाही. रिकामं भांडं गेलं की घरातली बरकत त्याच्यामागे जाते. आणि हे तर बसऱ्याहून आलेल्या बाईचं भांडं. तिने घागरीचं फडकं सोडलं.

"अम्मा, बाई नको म्हनाल्या हुत्या," बदरिया म्हणाली.

"च्याला बी नको म्हनाली हुती. चांगल्या घरची हाय, नकोच म्हननार. 'घाला माझ्या बरनीत' असं कुनी तोंडानं मागतं का? उद्या तुला कुनाकडं धाडलं तर लाज आनशील माझी."

बाळंतिणीसाठी राखलेलं ते दाणेदार तूप चमच्याने भरून तिने झाकण घट्ट लावलं आणि बरणी पदराने पुसली. आपण दिलं ते घरातलं सगळ्यांत चांगलं दिलं, या समाधानाने ती दिवसभर हलकी हलकी वावरत होती.

त्यानंतर वाट बघणं आलं. उत्तराला वेळ लागेल, मशीन एकच आणि नमुने ढीगभर, असं पेटी न्यायला आली तेव्हा बाई सांगून गेली होती. पण पांढरी गाडी आल्याची बातमी वनसाच्या आधी बाजारात पोहोचली. पहाटे डोक्यावर साईची परात घेऊन वनसा गावच्या बायकांबरोबर टेम्पोने शहरात गेली, तर न्याहारीच्या दुकानाचा मालक अबू सलमान, जो एरवी परात उतरायच्या आधी हात पुढे करायचा, तो हात मागे बांधून उभा.

"उम्म चासिब, आधी तू खा." बाजारात तिला चासिबची आई म्हणूनच हाक मारत.

"मी? कशापायी?"

"तुझीच हाय ना साय? मग खा की."

खाणारे लोक पोळीचा घास हातात धरून बघायला लागले. वनसाने बोटाने साईचा तुकडा तोडला आणि खाल्ला.

"आता बस तिथं बाकावर. पडतीस का बसून ऱ्हातीस, बघू."

दुकान हसलं. वनसाही हसली, कारण न हसून करणार काय? ती बाकावर बसली. ऊन चढलं, साय कडेने पिवळी पडायला लागली, माश्या आल्या. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाला पाणी घातलेलं दूध विकलं नाही, ती चोरासारखी बसून राहिली. शेवटी अबू सलमानने तिच्याकडे न बघताच मान हलवली. परात तशीच डोक्यावर घेऊन ती परत आली. घरी आल्यावर तिने साय कढईत ओतली आणि तूप कढवायला ठेवलं. वाया कशाला घालवायची? बाळंतीण होतीच की घरात.

घरात सगळेच आता एकमेकांना चोरून बघत होते. बदरिया झबालाला उन्हात धरून त्याचे डोळे बघायची, तळवे दाबायची, लंगोट हुंगायची. अंगावर पुटकुळी दिसली की ती घटकाघटकाने तिथेच बघायची. पुटकुळी उतरली तरी रात्रभर तिचा हात त्याच्या छातीवर असायचा. चासिबच्या मानेवर आणि कानामागे काळ्या तोंडाचे फोड उठले होते, जाता जात नव्हते. तो म्हणायचा, "घामोळं हाय." भर थंडीत घामोळं! वनसाला हसू आलं नाही. तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. म्हशींना तेल लावायचं काम मात्र चालू होतं, कारण खरूज काही कुणाच्या भीतीसाठी थांबत नाही.

"उशीर झाला म्हंजी बरंच असंल," वनसा एकदा म्हणाली. "वाईट असतं तर पळत आले असते."

"आन् बरं असतं तर पळत आले असते व्हय?" बदरियाने विचारलं.

वनसा गोवऱ्या थापत राहिली.

आणि एका दुपारनंतर गाडी आली. डॉक्टरबाई एकटीच उतरली. या वेळी चहाला तिने नको म्हटलं नाही, पण पेला हातात धरून बसली आणि चहा निवत गेला. वनसाने ते पाहिलं.

"खाला, त्या रिकाम्या बरणीत तूप होतं."

एवढंच होय! वनसाच्या जिवात जीव आला. "सापडलं व्हय? कसं हुतं? घरचं हाय, भेसळ न्हाई."

"आमच्याकडे सगळे हसले." बाईच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "ती बरणी खरंच रिकामी हवी होती, खाला. तिच्यात काही निघालं असतं तर कळलं असतं, की घाण आमच्याच हातांची, आमच्याच गाडीची. तशी रिकामी बरणी नसली की बाकीच्या बरण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. सगळं पुन्हा करायची पाळी आली."

वनसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला काय म्हाईत, पोरी. मला वाटलं तू आपली रीतीनं नको म्हनतीस. टाकून द्यायचं मग."

"टाकणारच होतो. पण अन्न टाकायला कुणाचा हात होईना. मग म्हटलं, आलंच आहे तर हेही तपासून बघू."

 गोठ्यात म्हैस कुडाला अंग घासत होती, त्याचा खर्र खर्र आवाज येत होता.

"म्हशींच्या दुधात विष निघालं. चिखलातही निघालं. पण त्या तुपात जेवढं निघालं, तेवढं मी आजवर कुठल्याच बरणीत मोजलेलं नाही. दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. खाला, ते तूप कोण खातं?"

 पडद्याआड झबालाला थोपटणारा हात थांबला.

"म्हशींना अंगाला काय लावता तुम्ही?"

चासिब उठला आणि पिंप लोटत घेऊन आला. बाईने वास घेतला नाही, हात लावला नाही. पिंपावरची गंजलेली अक्षरं वाकून वाचली आणि दोन पावलं मागे सरली. मग तिची नजर चासिबच्या मानेवर गेली आणि तिथेच राहिली. चासिबने कॉलर वर ओढली.

"हे उकळून जात नाही, धुऊन निघत नाही," बाई हळूहळू सांगत होती. "चव नाही याला. जिथे चरबी दिसेल तिथे जाऊन बसतं. दुधात थोडं, साईत जास्त, आणि तूप म्हणजे तर गोळा केलेली सगळी साय."

गोळा कुणी केली होती? रोज पहाटे, थरावर थर, चमचाभरही कुणाला न देता. स्वतःच्या जिभेवरसुद्धा वनसाने ते तूप ठेवलं नव्हतं. अबू सलमानच्या दुकानात तिने साय खाल्ली होती तेवढीच. तिला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण जमीन खडखडीत कोरडी होती आणि ती आधीच सगळीकडे फाटलेली होती.

बदरिया पडदा सारून बाहेर आली. पाहुण्यापुढे ती अशी कधी आली नव्हती. "माझ्या बरनीत?"

"आहे," बाई म्हणाली. "किती, ते पुन्हा नमुना घेतल्यावर नक्की सांगेन. पण आहे."

"मग मी न्हाई पाजनार."

"पाजायचं, बदरिया. तूप आजपासून बंद. म्हशींचं दूध बंद, ते तेल बंद. पण अंगावरचं तोडायचं नाही."

"इख हाय म्हनता आन् पाज म्हनता?" तिचा आवाज चिरकला. "तुमच्या लेकराला पाजलं असतं का तुमी?"

 "या पाण्यात डब्याचं दूध कालवलं तर काय होतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "हे विष सावकाश चालतं. ते पाणी सावकाश चालत नाही. तुझ्या दुधात त्याला तगवणारंही आहे. मी पाजलं असतं. घाबरत पाजलं असतं, पण पाजलं असतं."

तिने नव्या बरण्या काढल्या, नमुने घेतले, पिंपावर झाकण ठोकून ते कुडाबाहेर लांब ठेवायला लावलं आणि पुन्हा येते म्हणून गेली. या खेपेला बरणी रिकामी गेली.

संध्याकाळ झाली. चासिब पिंपापाशी जाऊन बसला होता, जसं काही ते राखायचंच होतं. म्हशींची वेळ झाली तशा त्या हंबरायला लागल्या. कासा तटतटलेल्या होत्या. वनसाने धारा काढल्या आणि दूध चरीत ओतून दिलं. जन्मात पहिल्यांदा. पांढरा ओघळ तडकलेल्या मातीत भराभर जिरला, आणि गावातली कुत्री येऊन माती चाटायला लागली तेव्हा तिने त्यांना दगड मारले.

घरात झबाला रडत होता. आधी तो नुसता कुरकुरला, मग हाका मारल्यासारखा ओरडला. आता त्याचा आवाज बसत चालला होता. बदरिया त्याच्यापासून लांब, कुडाला पाठ लावून बसली होती. तिच्या कुडत्याच्या पुढे दोन ओले डाग पसरत होते. रडणं ऐकलं की दूध आपोआप सुटतं, ते कुणाचं ऐकत नाही. तिने हाताची घडी छातीवर दाबून धरली होती.

"उचल त्याला," वनसा म्हणाली.

"न्हाई."

"उचल, पोरी."

"तुमीच भरवलंत मला," बदरिया म्हणाली. ओरडून नाही, थंडपणे. "वाटी वाटी भरवलंत. नको म्हनलं तरी. चाटून घे म्हनलात."

"भरवलं," वनसा म्हणाली. "माज्या हातानं भरवलं."

 पोराचा आवाज आता खरखरीत झाला होता. वनसा गुडघ्यांवर हात टेकत उठली. तिने झबालाला उचललं. तो तिच्या छातीला झोंबला, तोंड उघडून शोधायला लागला, आणि तिथे वाळलेलं लुगडंच लागलं तसा पुन्हा किंचाळला. तिने त्याला सुनेसमोर आणलं. बदरियाने मान फिरवली. वनसाने तिचे घट्ट धरलेले हात एक एक बोट करून सोडवले. ते सुटले. आपल्याच हातांनी कुडतं बाजूला करून, त्याच हातांनी नातवाचं डोकं धरून, तिने त्याला आईच्या अंगाला लावलं.

घर एकदम शांत झालं.

"अम्मा," बदरिया पुटपुटली, "ह्यात किती जात असंल?"

"म्हाईत न्हाई."

पोर हपापून पीत होतं. दोघी त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. एक घोट, मग दुसरा, मग तिसरा.